दोन गोष्टींचा संबंध खरंच आहे का? सामाजिक पाहणीसाठी संख्याशास्त्राची पद्धत कशी निवडावी

पाहणी संपते, दोनशे प्रश्नावल्या भरून येतात, आकडे एक्सेलमध्ये चढतात आणि मग मार्गदर्शकांपुढे प्रश्न येतो, "सर, आता कुठली टेस्ट लावू?" समाजशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र, कुठल्याही विषयाचा प्रकल्प असो, हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास उशिरा येतो. कारण कुठली टेस्ट लावता येईल हे प्रश्नावली छापायला गेली तेव्हाच बरेचसे ठरून गेलेले असते. उत्पन्न 'दहा हजारांहून कमी', 'दहा ते पंचवीस हजार', 'पंचवीस हजारांच्या वर' अशा चौकोनांत विचारले, तर नंतर त्याची खरी सरासरी कुठल्याच सॉफ्टवेअरला काढता येत नाही. ती माहिती कुणी घेतलेलीच नसते.

म्हणून पद्धत निवडताना टेस्टच्या नावांपासून सुरुवात करू नये. तीन प्रश्नांपासून करावी. प्रत्येक स्तंभात नेमके कशा प्रकारचे माप आहे? कशाचा परिणाम कशावर होतो असे आपले म्हणणे आहे? आणि तक्त्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळीपासून स्वतंत्र आहे का? या तिघांची उत्तरे कागदावर लिहून झाली की टेस्ट जवळपास आपोआप ठरते.

स्तंभात काय आहे ते आधी पाहा

तालुका, धर्म, शाळेचे माध्यम, घरातला मुख्य व्यवसाय ही गटवाचक मापे. त्यांत वरचे-खालचे काही नसते. आकडे चढवताना आपण मराठी १, कोंकणी २, इंग्रजी ३ असे संकेत देतो, ते फक्त सोयीसाठी. पण सॉफ्टवेअरला हे कळत नाही. हा स्तंभ 'गट' आहे असे सांगितले नाही, तर ते बिनदिक्कत माध्यमाची सरासरी २.१ अशी काढून देते आणि रिग्रेशनमध्ये (एका किंवा अनेक मापांवरून दुसऱ्या मापाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीत) इंग्रजी म्हणजे मराठीच्या तिप्पट काहीतरी आहे असे धरून चालते. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये असा स्तंभ 'फॅक्टर' करून घ्यावा लागतो, एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे माप 'नॉमिनल' लावावे लागते आणि रिग्रेशनमध्ये तो वेगळा हाताळावा लागतो.

'पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत' हे क्रमवाचक. इथे क्रम आहे, पण दोन पायऱ्यांमधले अंतर सारखे असेलच असे नाही. शिक्षणाची पातळी याच जातीची. वय, जमिनीचे क्षेत्रफळ, गोव्यातल्या दिवाडी किंवा चोडण बेटाच्या फेरीबोटीसाठी थांबावे लागणारी मिनिटे ही संख्यावाचक. मोजून आलेल्या छोट्या संख्या मात्र वेगळ्या काढाव्यात: घरातले किती जण आखातात किंवा बोटीवर आहेत, गेल्या वर्षभरात किती ग्रामसभांना हजर राहिलात. बहुतेक घरांत उत्तर शून्य, काहींत एक-दोन आणि एखाद्यात पाच. अशा आकड्यांना साधे रिग्रेशन मानवत नाही. त्यांच्यासाठी प्वासाँ रिग्रेशन, आणि विखुरणे फारच असेल तर निगेटिव्ह बायनॉमियल वापरावे.

उत्पन्नाबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण गोव्यात सगळ्यात जास्त पाहण्या तिथेच फसतात. किनारपट्टीवरचा टॅक्सीवाला, शॅकमध्ये काम करणारा, पर्यटकांना खोल्या भाड्याने देणारे कुटुंब यांना 'महिन्याचे उत्पन्न किती' असे ऑगस्टमध्ये विचारले तर एक उत्तर येते, डिसेंबरमध्ये विचारले तर भलतेच. बार्देशची पाहणी डिसेंबरात आणि सत्तरीची जूनमध्ये झाली, तर दोन तालुक्यांमधल्या फरकात किती तालुक्याचा आणि किती हंगामाचा हे कोणत्याही पद्धतीने वेगळे करता येत नाही. अशा घरांत हंगामाचे महिने आणि बिगरहंगामाचे महिने वेगवेगळे विचारून वर्षाचा आकडा काढावा. दुसरी अडचण म्हणजे एका वाड्यावर एखाद्या घरात बोटीवरचा पगार येत असला, की तो एकटा सगळ्या वाड्याची सरासरी वर ओढतो. तिथे सरासरीऐवजी मध्यक सांगावा, म्हणजे अर्धी घरे ज्याच्या खाली आणि अर्धी ज्याच्या वर आहेत तो आकडा. रिग्रेशन करायचे असेल तर उत्पन्नाचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यावा, म्हणजे फार मोठे आकडे आटोक्यात येतात. शून्य उत्पन्नाची घरे असतील तर त्यांचा लॉग निघत नाही, त्यांचे काय करायचे हे आधी ठरवावे लागते.

आणि एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. 'उत्तर नाही' साठी ९९ किंवा ९९९ हा संकेत बऱ्याच ठिकाणी वापरतात. विश्लेषणापूर्वी तो 'माहिती नाही' म्हणून नोंदवला नाही तर ९९ वर्षांच्या माणसांनी वयाची सरासरी फुगते. कुठल्याही टेस्टच्या आधी प्रत्येक स्तंभाचा सर्वात लहान आकडा, सर्वात मोठा आकडा आणि रिकाम्या चौकटींची संख्या पाहण्यात अर्धा तास घालवावा. तो अर्धा तास पुढच्या सगळ्या टेस्टपेक्षा जास्त चुका पकडतो.

दोन्ही बाजूंना गट असले तर

सामाजिक पाहणीत सर्वाधिक वेळा हीच परिस्थिती येते आणि इथे काय-स्क्वेअर चाचणी लागते. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली ही चाचणी हाताने करून पाहण्याजोगी आहे. खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रश्न असा: आईचे शिक्षण आणि मुलाच्या प्राथमिक शाळेचे माध्यम यांचा संबंध आहे का? कुटुंबे २००.

| आईचे शिक्षण | मराठी/कोंकणी माध्यम | इंग्रजी माध्यम | एकूण |
|---|---|---|---|
| दहावीपर्यंत | ७० | ५० | १२० |
| दहावीच्या पुढे | २६ | ५४ | ८० |
| एकूण | ९६ | १०४ | २०० |

पहिले काम टक्केवारीचे, आणि ती योग्य दिशेने काढायची. ज्याला आपण कारण मानतो त्याची बेरीज १०० धरावी. इथे ते आईचे शिक्षण. दहावीपर्यंत शिकलेल्या आयांची ४१.७ टक्के मुले इंग्रजी माध्यमात, त्यापुढे शिकलेल्यांची ६७.५ टक्के. फरक सुमारे २६ टक्के-बिंदूंचा. टक्केवारी उलट्या दिशेने काढली, की 'इंग्रजी माध्यमातल्या मुलांपैकी किती जणांच्या आया दहावीपुढे शिकल्या' या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. प्रबंधांत ही गल्लत सर्रास दिसते.

मग विचारायचे: काहीच संबंध नसता तर प्रत्येक चौकटीत किती कुटुंबे असती? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. पहिल्या चौकटीसाठी १२० × ९६ ÷ २०० = ५७.६. बाकीच्या तीन चौकटींत ६२.४, ३८.४ आणि ४१.६. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक चारही चौकटींत १२.४ येतो. त्याचा वर्ग १५३.७६. तो प्रत्येक अपेक्षित आकड्याने भागून चारही उत्तरे मिळवली की १२.८३ येते. दोन ओळी, दोन स्तंभ असताना (मुक्तांश १, कारण बेरजा ठरल्या की एकच चौकट मोकळी राहते) ५ टक्के पातळीची सीमा ३.८४ आहे, म्हणजे संबंध नसताना याहून मोठा आकडा शंभरांत पाचच वेळा येतो. म्हणजे हा फरक निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने पडला असे म्हणणे अवघड. एक्सेलमध्ये काय-स्क्वेअर चाचणीचे फंक्शन आहे, पण त्याला अपेक्षित आकड्यांचा तक्ता आपणच करून द्यावा लागतो. म्हणूनही ही आकडेमोड समजलेली बरी.

पण १२.८३ हा आकडा संबंध किती घट्ट आहे ते सांगत नाही. हीच टक्केवारी २,००० कुटुंबांत आली असती तर तो १२८ झाला असता. घट्टपणासाठी क्रेमरचा व्ही काढावा. काय-स्क्वेअर भागिले एकूण कुटुंबे, त्याचे वर्गमूळ: इथे ०.२५. दोन बाय दोनहून मोठ्या तक्त्यात एकूण कुटुंबांना आधी ओळी आणि स्तंभ यांतल्या लहान संख्येतून एक वजा करून गुणावे लागते. व्ही शून्य ते एकच्या दरम्यान असतो. सामाजिक पाहणीत ०.२५ हा दखल घेण्याजोगा, पण जबरदस्त म्हणता येणार नाही असा संबंध.

चाचणी कुठे मोडते तेही माहीत हवे. अपेक्षित आकडे फार लहान झाले की ती भरवशाची राहत नाही. रूढ नियम असा की किमान ८० टक्के चौकटींत अपेक्षित आकडा ५ किंवा जास्त असावा आणि एकाही चौकटीत १ पेक्षा कमी नसावा. एसपीएसएस ही सूचना तक्त्याखाली तळटीप म्हणून देते, आणि ती वाचायची राहून जाते. गोव्याचे १२ तालुके आणि ५ व्यवसाय घेतले तर ६० चौकटी होतात. २०० कुटुंबे त्यांत वाटली की चौकटीमागे सरासरी तीन-साडेतीन. इथे काय-स्क्वेअर लावण्यात अर्थ नाही. तालुके किनारी, मधले आणि घाटाकडचे असे अर्थपूर्ण गटांत एकत्र करावेत, तेही निकाल पाहण्याआधी. छोट्या तक्त्यासाठी फिशरची अचूक चाचणी आहे.

एका बाजूला संख्या असली तर

दोन गटांची सरासरी ताडायची, उदाहरणार्थ गावातली आणि शहरातली प्रवासाची मिनिटे, तर टी-टेस्ट. तीन किंवा अधिक गट असतील तर अनोव्हा. टी-टेस्टचा वेल्चचा प्रकारच नेहमी वापरावा, कारण दोन गटांतले विखुरणे सारखे आहे ही अट त्याला लागत नाही आणि आपल्या पाहण्यांत ते सारखे असण्याची शक्यता कमीच. आकडे एका बाजूला फार झुकलेले आणि नमुना छोटा असेल तर क्रमांवर चालणाऱ्या चाचण्या: दोन गटांसाठी मान-व्हिटनी, जास्त गटांसाठी क्रुस्कल-वॉलिस. अनोव्हा फक्त 'कुठेतरी फरक आहे' एवढेच सांगते. कुठल्या दोन गटांत आहे हे पाहायला ट्युकीची पुढची तुलना लागते.

दोन्ही बाजूंना संख्या असतील तर आधी आलेख काढा, सहसंबंधाचा आकडा (दोन संख्या किती जोडीने चढतात-उतरतात ते उणे एक ते एकच्या दरम्यान सांगणारा) नंतर. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दाखवले. चारही संचांत सहसंबंध जवळपास ०.८२, आणि आलेख पूर्ण वेगळे: एक सरळ, एक वळणदार, आणि दोन केवळ एकेका भरकटलेल्या बिंदूमुळे तसे भासणारे. संबंध सरळ रेषेत असेल तर पिअर्सन, क्रमवाचक मापे किंवा सतत चढणारा पण वाकडा संबंध असेल तर स्पिअरमन. पाच पर्यायांच्या मतप्रश्नांत एकसारखी उत्तरे खूप येतात, तिथे केंडलचा टाउ-बी जास्त योग्य.

तिसरा चल आला की चित्र पालटते

वरच्या उदाहरणात २६ टक्के-बिंदूंचा फरक दिसला. आता राहण्याचे ठिकाण हा तिसरा चल, म्हणजे बदलणारे तिसरे माप, घेऊन तीच २०० कुटुंबे शहर आणि गाव अशी वेगळी करू. शहरात दहावीपर्यंत शिकलेल्या ३० आया आहेत, त्यांपैकी २२ जणींची मुले इंग्रजी माध्यमात, म्हणजे ७३ टक्के. दहावीपुढे शिकलेल्या ६० जणींपैकी ४६, म्हणजे ७७ टक्के. गावात ९० पैकी २८, म्हणजे ३१ टक्के, आणि २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के. बेरजा करून पाहा, मूळ तक्ताच परत मिळतो. पण २६ चा फरक शहरात सुमारे ३ आणि गावात ९ वर आला, आणि गावातल्या २० कुटुंबांवरून काढलेला ९ चा फरकही योगायोगात बसणारा आहे. शिकलेल्या आया बहुतांशी शहरात राहतात आणि शहरात बहुतेक जण इंग्रजी माध्यम निवडतात, एवढेच मूळ तक्त्याने दाखवले होते.

आता 'आईच्या शिक्षणाचा परिणाम नाही' असे लिहून टाकायचे का? थांबा. शहरात राहणे हे आधीचे की नंतरचे? मुलगी गावात वाढली, शिकली, नोकरी लागली आणि म्हणून पणजी-मडगावला राहायला आली, तर शहर हा शिक्षणाचाच परिणाम ठरतो. मग शहर 'कायम ठेवून' पाहिले की आपण शिक्षणाचा खरा परिणाम स्वतःच पुसून टाकतो. उलट ती जन्मापासून शहरातली असेल आणि म्हणून शिकली असेल, तर शहर कायम ठेवणेच बरोबर. दोन्ही बाबतींत आकडे तेच राहतात. निर्णय विषयाच्या ज्ञानावर घ्यायचा असतो, आणि पाहणीत 'लग्नाआधी कुठे राहत होता' एवढा एक प्रश्न असता तर तो किती सोपा झाला असता! कुठला चल कशाच्या आधी येतो हे बाण काढून कागदावर आखा, आणि प्रश्नावली त्यानंतर लिहा.

तीन-चार चल एकदम घ्यायचे असतील तर असे तक्ते फोडत बसता येत नाही, रिग्रेशन लागते. त्याचा प्रकार परिणामाच्या मापावरून ठरतो. परिणाम संख्या असेल तर साधे बहुचल रिग्रेशन, हो-नाही असेल तर लॉजिस्टिक, क्रमवाचक असेल तर ऑर्डिनल लॉजिस्टिक. गटवाचक चलात जितके गट, त्यातून एक वजा करून तितके शून्य-एकचे स्तंभ तयार होतात. लॉजिस्टिकसाठी ढोबळ नियम असा की हो आणि नाही यांतली जी संख्या लहान, तिच्या दर दहामागे एक स्तंभ. इथे ती ९६, म्हणजे नऊ स्तंभांची ऐपत. तालुका एकटाच अकरा खातो.

लॉजिस्टिकचे उत्तर ऑड्स-गुणोत्तरात येते आणि ते चुकीचे वाचले जाते. ऑड्स म्हणजे 'हो'ची संख्या भागिले 'नाही'ची. मूळ तक्त्यात दोन गटांच्या ऑड्सचे गुणोत्तर (५४ ÷ २६) ÷ (५० ÷ ७०), म्हणजे २.९ आहे. याचा अर्थ 'इंग्रजी माध्यमाची शक्यता २.९ पट' असा नाही. शक्यतेचे प्रमाण ६७.५ भागिले ४१.७, म्हणजे १.६ पट. घटना विरळ असेल तेव्हाच हे दोन आकडे जवळ येतात.

ओळी स्वतंत्र आहेत का

वरच्या सगळ्या टेस्ट असे धरून चालतात की एका ओळीचे उत्तर दुसरीला काही सांगत नाही. एकाच घरातल्या सासू-सुनेची मुलाखत दोन ओळी म्हणून घेतली तर ही अट तुटते. एका वाड्यावरची घरे तीच शाळा, तोच रस्ता, तोच पंच वापरतात, म्हणून तिथेही ती तुटते. २० प्रभाग निवडून प्रत्येकी २० घरे घेतली आणि एका प्रभागातल्या घरांतले साम्य (शून्य ते एकच्या मापावर) ०.०५ इतके जरी असले, तरी १ + १९ × ०.०५ = १.९५. या आकड्याने ४०० घरांना भागले की हाती २०५ घरांइतकीच माहिती उरते. उपाय म्हणजे घर आणि प्रभाग असे दोन्ही स्तर धरणारे बहुस्तरीय मॉडेल, किंवा निदान प्रभाग लक्षात घेऊन काढलेली प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक अंदाज किती हलू शकतो त्याचे माप). शक्य असेल तर आधीच जास्त प्रभाग आणि प्रत्येकी कमी घरे घ्यावीत.

तीच माणसे प्रशिक्षणाआधी आणि नंतर मोजली असतील तर जोडीची टी-टेस्ट, आणि हो-नाही उत्तरांसाठी मॅकनेमार. इथे साधा काय-स्क्वेअर लावणे चूक आहे.

काळ ओलांडून तुलना करायची तर आणखी जपायला हवे. २०१२ मध्ये गोव्यातले खाणकाम थांबले. त्याआधी आणि नंतर खाणपट्ट्यातल्या डिचोली तालुक्यात शाळागळती किती, एवढेच पाहिले तर त्या वर्षांत सगळ्या राज्यात बदललेल्या गोष्टी त्यात मिसळतात. म्हणून खाणपट्ट्यातला बदल आणि खाणी नसलेल्या तालुक्यातला बदल, यांतला फरक काढतात. पण तुलनेचा तालुका निवडताना डोळे उघडे हवेत. खनिज मांडवी-जुवारीतून बार्जने मुरगाव बंदराला जायचे, म्हणजे मुरगावात खाण नसली तरी झळ तिथेही पोचली. काणकोण तालुका त्या मानाने बरा उमेदवार.

तालुक्यांचे आकडे घेऊन माणसांविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर दाखवले की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी होती (सहसंबंध उणे ०.५३), पण माणसामाणसाच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता किंचित जास्त होती (अधिक ०.१२). ते लोक मुळात जास्त साक्षर राज्यांत स्थायिक झाले होते. शिवाय १२ तालुक्यांत १२च बिंदू. तिथे सहसंबंध ०.५८ च्या आसपास गेल्याशिवाय ५ टक्क्यांची सीमाही ओलांडत नाही, आणि एखादा तालुका वगळला तरी उत्तर फिरू शकते.

पी-व्हॅल्यूचे काय करायचे

पी-व्हॅल्यू म्हणजे खरा संबंध नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या खाली गेली की निकाल ५ टक्के पातळीवर 'लक्षणीय' म्हणतात. हजार जणांच्या पाहणीत ०.०७ चा सहसंबंधही या पातळीवर 'लक्षणीय' ठरतो. त्याचा वर्ग अर्धा टक्का, म्हणजे एका गोष्टीतल्या चढउतारांपैकी साडेनव्याण्णव टक्के दुसरीने समजत नाहीत. लक्षणीय म्हणजे महत्त्वाचे नव्हे. दुसऱ्या बाजूने, एकाही ठिकाणी खरा संबंध नसताना वीस स्वतंत्र टेस्ट केल्या तर निदान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. चाळीस प्रश्न एकमेकांशी ताडून जे जुळले तेवढेच लिहिणे यात ही फसगत होते, लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याचीही. मुख्य गृहीतके दोन-तीनच ठेवा आणि ती माहिती गोळा करण्याआधी लिहून मार्गदर्शकांकडे द्या. जास्त टेस्ट कराव्याच लागल्या तर बोनफेरोनीची सुधारणा करा: वीस टेस्ट असतील तर सीमा ०.०५ ऐवजी ०.००२५.

अहवालात फक्त 'पी ०.०५ पेक्षा कमी' लिहून थांबू नये. विश्वास-अंतर, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो पट्टाही, द्यावा. वरच्या तक्त्याचा निकाल असा लिहावा: 'दहावीपुढे शिकलेल्या ८० आयांपैकी ६७.५ टक्के आणि दहावीपर्यंत शिकलेल्या १२० पैकी ४१.७ टक्के आयांची मुले इंग्रजी माध्यमात होती. फरक २५.८ टक्के-बिंदू, ९५ टक्के विश्वास-अंतर सुमारे १२ ते ३९. काय-स्क्वेअर १२.८३, मुक्तांश १, पी ०.००१ पेक्षा कमी, क्रेमरचा व्ही ०.२५. शहर आणि गाव वेगळे केल्यावर हा फरक अनुक्रमे ३ आणि ९ बिंदूंवर आला.' किती कुटुंबांनी उत्तर दिले नाही तेही त्याच परिच्छेदात यावे. आणि सॉफ्टवेअर पी-व्हॅल्यू ०.००० अशी दाखवते, ती तशी उतरवू नये. ती कधीच शून्य नसते, '०.००१ पेक्षा कमी' असे लिहावे.